शाहीन, कांचनचा गुडघा आणि आपलं भांडण

शाहीन, परवा शाळेत तुझ्यासाठी शोकसभा झाली. हेडसर उभे राहिले आणि म्हणाले, शाहीन मॅडम अत्यंत शांत, सोशिक आणि मृदुभाषी होत्या. मी मागच्या बाकावर बसले होते. एकदम तुझ्या फोटोकडे पाहिलं. निदान फोटोत तरी तू खरी होतीस. कोणाला तरी रागावण्याच्या अगदी क्षणभर आधी टिपलेली.

सोशिक म्हणे! याच हेडसरांना तू एकदा प्रजासत्ताक दिनाच्या तालमीत सगळ्या शाळेदेखत ऐकवलं होतंस. संस्थेच्या अध्यक्षांना मुलांचा पाच थरांचा मनोरा पाहायचा होता आणि खाली नुसती फरशी. हेडसर म्हणाले, इतकी वर्षं करत आलो, काही होत नाही. तू तोंडातली शिट्टी काढलीस आणि म्हणालीस, "वरच्या थरावर तुमच्या पोराले चढवा सर. मग मी शिट्टी वाजवतो." मनोरा दोन थरांचाच झाला. अध्यक्ष पुढं कित्येक महिने तुझ्याशी बोलले नाहीत, आणि तुझं त्यावाचून काही अडलंही नाही.

माणूस गेला की लोक त्याला इस्त्री करून, घडी घालून ठेवतात. तुझी घडी मला बघवली नाही, म्हणून घरी येऊन हे लिहायला बसले. तुझ्याशी गोड बोलायची मला सवय नाही, तुलाही नव्हती. तेव्हा जसं जीपमध्ये बोलायचो तसंच बोलते.

आपण दोघी एकाच पावसाळ्यात या शाळेत लागलो. मी मराठी शिकवायला, तू खेळ. दोघी चिखलीच्या, म्हणजे तू माहेरची आणि सासरचीही, मी डोणगावहून लग्न होऊन आलेली. सकाळी काळीपिवळी जीप पकडायची, अमडापूरला उतरायचं आणि तिथून शाळेपर्यंत चालायचं. पहिल्याच आठवड्यात मी पाहिलं, शाळा भरायच्या आधी तू मैदानावर मान खाली घालून फिरत होतीस. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचीस, मग पाऊलभर बाजूला सरकून परत यायचीस. वखर हाकावा तसं. मला वाटलं, बिचारीचं कानातलं हरवलं. मी पदर खोचला आणि शोधायला लागले. चांगला वेळ आपण दोघी न बोलता शोधत होतो. शेवटी मी विचारलं, कानातलं सोन्याचं होतं का?

"कानातलं काऊन?" तू म्हणालीस. "मी गोटे पाहून राह्यली."

तू ओढणीचं टोक उघडून दाखवलंस. त्यात टोकदार गोटे होते, बाटलीची काच होती, बाभळीचे काटे आणि दाढीचं एक अर्धं ब्लेड. मला हसावं की काय करावं कळेना. तू मात्र गंभीर होतीस. हे ब्लेड दुपारी कोणाच्या तरी टाचेत असतं, एवढंच म्हणालीस आणि पुन्हा खाली मान घालून निघालीस. त्या दिवसापासून शाळा भरायच्या आधी मीही तुझ्यासोबत फिरायला लागले. पुढं पुढं तर शोधण्यापेक्षा आपलं बोलणंच जास्त व्हायचं, पण नजर खालीच असायची. आजही रस्त्यानं चालताना माझी नजर खाली असते. सून म्हणते, आई, मानेला त्रास होईल. तिला काय सांगू.

मैदान तरी कसलं, काळी माती होती नुसती. पावसाळ्यात पायातली चप्पल ओढून घ्यायची आणि होळीच्या सुमारास अशा भेगा पडायच्या की सातवीतल्या पोराचं पाऊल आत जाईल. आधीचे सर त्याच जमिनीवर पोरं पळवत होते आणि पाय मुरगळला की हळद लावून घरी पाठवत होते. तू एका पालकाला गाठून ट्रॅक्टरनं मुरूम आणवलास आणि पोरांकडून तो भेगांमध्ये ठासून घेतलास. व्हॉलीबॉलच्या खांबांना दोरी अडकवायचे आकडे होते, त्यांची टोकं बरोबर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला यायची. तुझ्या नवऱ्याला, रफिकभाईंना, त्यांच्या दुकानातलं वेल्डिंगचं मशीन घेऊन तू शाळेत बोलावलंस. सगळी टोकं गोल करून घेतलीस. मजुरी म्हणून त्यांच्या हातात शाळेच्या खिचडीचं ताट दिलंस. ते जेवता जेवता मला म्हणाले, ताई, घरातल्या टेबलाचा कोपरा कधीचा मांडीला लागते, तो गोल करायले हिले सवड नाही.

तुझा डावा हात कोपरात कधी सरळ झाला नाही. हे मला फार उशिरा कळलं, कारण तू तो तसा धरायचीस की शिट्टीसाठीच वाकवला आहे असं वाटावं. एकदा जीपमध्ये गर्दीत तू वरची दांडी धरली नाहीस आणि माझ्या अंगावर कोसळलीस, तेव्हा सांगितलंस. शाळेत असताना लांब उडी मारली होतीस, खड्ड्यातली वाळू पावसानंतर कोणी मोकळीच केली नव्हती, दगडासारखी घट्ट झाली होती. सरांनी विचारलं, लागलं का, आणि स्वतःच उत्तर दिलं, काही होत नाही, झटक हात. तू झटकलास. संध्याकाळपर्यंत हाताचं वांगं झालं. तुझ्या अब्बांनी हाडं बसवणाऱ्याकडे नेलं आणि त्यानं जसं बसवलं तसं ते बसलं.

मी हळहळले असेन, कारण तू लगेच विषय हलका केलास. "बरंच झालं व. दुवा मागायले हात वाकडाच लागते. अल्लानं आधीच सोय करून ठेवली."

आपली पहिली काही वर्षं म्हणजे बीटी कपाशीचं बियाणं नवं नवं आलं होतं तो काळ. जीपमध्ये दुसरं बोलणंच नसायचं. कोणतं पाकीट, झाडाला बोंडं किती, कोणाला बियाणं मिळालं आणि कोण हात हलवत परत आला. अळी लागत नाही, म्हणजे फवारणीचीही गरज नाही, असं छातीठोक सांगणारे तेव्हा रोज भेटायचे. मग तुडतुडे आले, मावा आला, पंप पुन्हा पाठीवर चढले. रविवारी बापासोबत शेतात गेलेली आपली पोरं सोमवारी वर्गात डोळे चोळत बसायची. वेचणी लागली की मुलींच्या बोटांना बोंडांची टोकं बोचून बारीक चिरा पडायच्या. माझ्या तासाला त्यांना पेन धरवत नसे, तुझ्या तासाला दोरी.

आठवीतला गजू तुला आठवत असणारच. सोमवारी तुझ्या तासाला दुसऱ्याच फेरीत तो मटकन खाली बसला. पोरं हसली. मी वर्गाच्या खिडकीतून पाहिलं, वाटलं उपाशी असेल, म्हणून साखरपाणी घेऊन धावत आले. तू गुडघ्यावर बसून त्याच्या शर्टाचा वास घेत होतीस. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती आणि अंग घामानं भिजलं होतं. शाळेत येण्याआधी तो बापाला फवारणीचं औषध कालवून देऊन आला होता आणि तोच शर्ट अंगात होता. तू शर्टाची बटणं काढत बसली नाहीस, फाडलास. त्याला हापशाखाली बसवून साबणानं घासलंस, रस्त्यात उभी राहून पहिली जीप अडवलीस आणि चिखलीच्या दवाखान्यात नेलंस. परत आलीस तेव्हा तुझी ओढणी कुठं तरी पडली होती आणि तुला त्याचा पत्ता नव्हता. गजू वाचला. आठवडा जायच्या आत शाळेत आला आणि पहिलं काय केलं असेल तर पळायला उभा राहिला. तू त्याचा कान धरून त्याला निंबाखाली बसवलंस.

त्यानंतर तुझा तास प्रश्नांनी सुरू व्हायला लागला. कोण उपाशी आहे, काल फवारणीवर कोण होतं, कोणाचं काय दुखतं. हात वर करणाऱ्यांनी त्या दिवशी पळायचं नाही, गुण मोजायचे. मी तुझी फार थट्टा केली. हा खेळाचा तास आहे का सरकारी दवाखाना, असं विचारलं. मुलं पळायचं सोडून हात वर करायलाच शिकतील, असंही म्हणाले, आणि थोडी शिकलीही. पण तू ऐकलं नाहीस. मग एक दिवस एका मुलाचा बाप तणतणत स्टाफरूममध्ये आला. आमच्या शेतात कोण काय करते ते तुम्ही काऊन विचारता, उद्या पेपरात छापान. तू त्याला खुर्ची दिलीस.

"तुमच्या शेतात काहीबी करा भाऊ," तू म्हणालीस. "मले फक्त एवढं सांगा, आज याले पळवू का नको?"

तो माणूस काही बसला नाही. मग म्हणाला, आज नको. आणि निघून गेला.

आता कांचनकडे येते. आपलं खरं भांडण तेच, आणि ते अर्धंच राहिलं.

कांचन नववीत होती. खो-खोत तिच्यासारखी पोर आपल्या शाळेनं आधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. ती खुंटाला हात घालून अशी वळायची की पाठलाग करणारी मुलगी सरळ पुढं निघून जायची आणि मग ही गेली कुठं म्हणून मागं पाहायची. तिचे वडील प्रत्येक सामन्याला सायकलवर येऊन दोरीच्या बाहेर उभे राहायचे. टाळ्या वाजवायचे नाहीत, नुसते उभे. त्यांना कोणी तरी सांगितलं होतं की राज्य पातळीला खेळलेल्या मुलींना पोलीस भरतीत वेगळ्या जागा असतात. तेव्हापासून ते कांचनसाठी अंडी आणायचे, आणि धाकट्या दोघी बहिणी तिच्या ताटाकडे बघत बसायच्या. त्या वर्षी कपाशीची पानं लाल पडली होती. वेचणी लवकरच आटोपली. घरात सगळ्यांच्या तोंडी आता कपाशी नव्हती, कांचन होती.

बुलडाण्याला जिल्ह्याचे सामने आपण जिंकलो. मैदानातून बाहेर येताना तू रडत होतीस आणि धुळीनं डोळे झोंबतात म्हणत होतीस. पुढं अमरावतीला विभागाचे सामने होते, तिथं जिंकलं की राज्य. आणि त्याच्या आदल्या आठवड्यात, आपल्याच मैदानावर, सरावात, खुंटापाशी वळताना कांचनचा गुडघा वळला. भेग नव्हती, गोटा नव्हता. मुरूम टाकलेला होता, अंग गरम करून घेतलेलं होतं, पोरीचं पोट भरलेलं होतं. तू सगळं केलं होतंस तरी ते झालं. तू तिला तुझ्या त्या वाकड्या हातानंच उचलून सावलीत आणलंस. तुझा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

चिखलीच्या हाडांच्या डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, फिरवून पाहिला. आतली दोरी ताणली आहे, तुटली नाही, म्हणाले. तीन आठवडे आराम. सामन्याचं विचारलं तर म्हणाले, पट्टा बांधून कदाचित निभेल, पण पुन्हा असाच वळला तर तुटेल. मी नको म्हणेन, बाकी तुम्ही ठरवा.

तू तिथंच, त्यांच्या टेबलासमोर ठरवलंस. कांचन खेळणार नाही.

परतीच्या जीपमध्ये आपण भांडलो. भरलेली जीप, मांडीवर पिशव्या, मागच्या बाजूला कोंबड्या, आणि सगळे प्रवासी आपलं ऐकत होते. माझं म्हणणं होतं की पाय तिचा आहे, घर तिचं आहे, आणि हे निसटलं तर पुढं जे व्हायचं ते तिलाच भोगायचं आहे. कदाचित निभेल असं डॉक्टर म्हणाले ना? मग ते कदाचित तिचं तिला घेऊ दे. तू खिडकीबाहेर पाहत होतीस. मी बोलायची थांबले तेव्हा म्हणालीस, "पंधरा वर्षांची पोर आहे. पाय तिचा आहे म्हणून तिले मोडू देऊ?"

"आन् न खेळल्यानं जे मोडन ते?" मी विचारलं.

ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं आणि म्हणाला, बाईचं बरोबर आहे. कोणत्या बाईचं ते त्यानं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कांचन स्टाफरूममध्ये आली. तिनं तुझ्यासमोर त्याच पायावर उडी मारून दाखवली. एकदा, दोनदा. आम्ही सगळे तिच्या पायाकडे पाहत होतो, तू तिच्या तोंडाकडे. तिनं ओठ दाबून धरले होते. तू म्हणालीस, बस बेटा. मग दुपारी वडील आले. पट्टी बांधून खेळू द्या मॅडम, काही झालं तर माझी जबाबदारी, मी कागदावर सही करून देतो, असं ते हात जोडून म्हणाले. आमच्यापैकी कोणालाच त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. तू त्यांचे जोडलेले हात खाली केलेस. "सही मले नको भाऊ. उद्या काही झालं तर तुमची सही तिच्या पायाले बांधता येते का?"

तुझा आवाज चढला नव्हता, हे मी आज कबूल करते. पण तेव्हा मला तुझा इतका राग आला की मी दोन दिवस वेगळ्या जीपनं गेले.

अमरावतीला आपण शेवटच्या डावात एका गुणानं हरलो. कांचन पायाला पट्टा बांधून दोरीबाहेर बसली होती. ती रडली नाही. येताना एस. टी.त सगळ्यांत पुढं, ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसली. गावात उतरल्यावर वडील सायकल घेऊन उभे होते. सायकलवर बसण्याआधी ती तुझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, आमाले तुम्ही हरवलं."

तू म्हणालीस, "हाव."

तुझ्या जागी मी असते तर डॉक्टरांचं नाव घेतलं असतं, तिला समजावलं असतं, जवळ घेतलं असतं. तू नुसतं हाव म्हणालीस आणि ती जाईपर्यंत तिथं उभी राहिलीस.

पुढच्या वर्षी संघच उभा राहिला नाही. दोघींची लग्नं ठरली, एक मामाकडे गेली, एकीला घरून नाही म्हणाले. कांचन खेळली, पण विभागापर्यंत काही पोचली नाही. मोठी झाल्यावर पोलीस भरतीला गेली. मैदानी चाचणीत चांगली पळाली आणि यादीत थोडक्यात राहिली. खेळाडूंच्या जागेवर असती तर लागली असती, असं तिच्या वडिलांनी मला बाजारात सांगितलं. रागानं नाही, हवामान सांगावं तसं. ते मी तुला सांगितलं नाही. पण तुला कळलं होतंच, कारण त्या आठवड्यात तू माझ्याशी एकदाही भांडली नाहीस.

मग ती एस. टी.त कंडक्टर झाली. आणि नशीब बघ, तिला मिळाली आपलीच गाडी. तोवर जीपच्या दाटीवाटीला कंटाळून आपण सकाळच्या बसनं जायला लागलो होतो. खाकी साडी, खांद्याला पिशवी, धावत्या गाडीत कशालाही न धरता उभी. माझ्याशी हसून बोलायची, घरचं विचारायची. तुझ्यापाशी आली की, "कुठं?"

"अमडापूर."

वर्षानुवर्षं हेच. तिला माहीत होतं कुठं, तुला माहीत होतं की तिला माहीत आहे. तिकीट हातात पडलं की तू खिडकीकडे वळायचीस. एकदा मी म्हणाले, मी बोलते तिच्याशी, किती दिवस चालायचं हे. तू माझ्यावर अशी उखडलीस की पुढच्या सीटवरची बाई वळून पाहायला लागली. "तिच्या रागाले हात लावू नको सुनंदे. तो तिचा आहे."

मग तुझं दुखणं आलं. त्याबद्दल मी लिहिणार नाही, तुला आवडायचं नाही. तू म्हणायचीस, आजाऱ्याच्या आजाराबद्दल बोलणारी माणसं भेटायला येतच नाहीत, पंचनामा करायला येतात. मी आले की रफिकभाई तुझी खाट उन्हात ओढून द्यायचे आणि चहा ठेवायचे. त्यांच्या हातचा चहा इतका गोड असायचा की आपण दोघी एकमेकींकडे पाहून तो संपवायचो. आपण शाळेतल्या लोकांची उणीदुणी काढायचो. तू हेडसरांची नक्कल करायचीस. तेवढं हसलीस की दमायचीस.

अशाच एका दुपारी तू मध्येच म्हणालीस, "खरं सांगजो. कांचनच्या वक्ती मी चुकली होती का?"

मला खोटं बोलता आलं असतं. तुझं मनगट माझ्या हातात होतं आणि ते किती बारीक झालं होतं ते मला कळत होतं. मी म्हणाले, "हाव. चुकली होती."

तू हसायला लागलीस. खोकला लागेपर्यंत हसलीस. पाणी पिऊन म्हणालीस, "बरं झालं. आता सगळे मले हाव ले हाव करून राह्यले. मले वाटलं तूबी."

मग तू ग्लास खाली ठेवलास. नंतर जे बोललीस ते मी जसंच्या तसं लिहिते. "ज्या पोराचा हात मोडते, तो सगळ्याइले दिसते. ज्याचा नाही मोडत, ते पोरगं घरी जाते, जेवते, झोपते. त्याले माहीत नसते, त्याच्या मायले माहीत नसते, मलेबी नसते. मी इतके वर्षं काय केलं, ते कोणाले दाखवू?"

माझ्याकडे उत्तर होतं. कांचनच्या भांडणाचं नाही, ते मी आजही तुझ्याशी भांडेन. पण या प्रश्नाचं होतं. मी सांगणार होते की माझी दोन्ही मुलं याच शाळेत शिकली. तुझ्या तासाला ती मैदानावर असायची तेव्हा मी वर्गात फळ्याकडे तोंड करून निवांत लिहीत असायचे, खिडकीकडे एकदाही बघावं लागलं नाही. सगळ्या नोकरीत मला कशाची सर्वांत जास्त चैन मिळाली असेल तर ती. हे मी तुला कधी म्हणाले नाही. इतकी वर्षं शेजारी बसून आपण मुरमापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळं बोललो आणि हे राहिलं. त्या दुपारीही राहिलं, कारण तुझ्या नणंदा आल्या, खाटेभोवती बसल्या, आणि तू मला डोळ्यांनीच म्हणालीस, बाकीचं पुढच्या वेळी.

पुढची वेळ आलीच नाही. मी आले तेव्हा घरात बायका जमल्या होत्या.

त्या दिवसाचं एवढंच सांगायचं राहिलं आहे. तुला नेल्यानंतर आम्ही सगळ्या आतल्या खोलीत चटईवर बसलो होतो. कोणी पढत होतं, कोणी नुसतं भिंतीकडे पाहत होतं. शाळेतल्या जुन्या मुली येऊन जाऊन होत्या. काहींना मी ओळखलं, काहींनी नाव सांगितलं. दुपारी कांचन आली. ड्युटीवरूनच, खाकी साडीत, खांद्याला पिशवी तशीच. पुढची फेरी घ्यायची होती तिला. माझ्या शेजारी मांडी घालून बसली. तुझ्या पुतणीनं पाण्याचा ग्लास दिला, तो हातात धरून बसली.

मग खालच्या आवाजात म्हणाली, "रोज वाटे, आज बोलतो. पण तिकिटं देता देता अमडापूर येऊन जाय."

मी तिचा हात धरला. ती पुढं म्हणाली, "मी खेळलीच असती मॅडम. आजबी तेच म्हणतो."

"मीबी तेच म्हणत आली," मी म्हणाले.

तुझ्याच घरात, तुझ्याच चटईवर बसून आम्ही दोघी तुझ्या विरुद्ध एक झालो. दारात रफिकभाई उभे होते. त्यांनी ऐकलं असावं. त्यांच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा काही तरी हललं.

कांचनची वेळ झाली. शाहीन, तुला आमची उठायची तऱ्हा ठाऊक आहे. तुझ्या नणंदेनं जमिनीला दोन्ही हात टेकले, मी भिंत धरली, कोणी पोटरी चोळली, कोणी या अल्ला म्हणालं, कोणी आई गं. कांचनच्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्यात पाण्याचा भरलेला ग्लास. ती मांडीवरून तशीच, कशालाही हात न लावता, एका दमात सरळ उभी राहिली. पाठीवर खो पडल्यावर पाटीवर बसलेली पोर उठते ना, तशी. ग्लासातलं पाणी हललंसुद्धा नाही. तो तिनं पुतणीच्या हातात दिला, डोक्यावर पदर घेतला आणि जिन्याच्या पायऱ्या भराभर उतरून गेली. गाडी गाठायची होती तिला.

मी भिंतीला धरून तिच्या पायांकडे पाहत राहिले. माझं मत बदललेलं नाही, ते तुला माहीत आहे. पण तू विचारलं होतंस ना, कोणाला दाखवू म्हणून. मला दाखवलंस.